हौशाची वेळ झाली

तात्या नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. आधी पाय, मग चाल, मग दात. उभी हयात घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करण्यात गेलेली, त्यामुळे माणूस घरी परतला तरी नजर बाजारातच राहिली होती. मी नगरच्या सावेडीतल्या आमच्या कॉलनीत राहायला आले तेव्हा ते समोरच्या दारात उभे होते. टेम्पोतून माझी शिलाई मशीन उतरत होती. माझं नावगाव विचारायच्या आधी त्यांनी मशीनच्या पायांकडे बोट करून विचारलं, "लंगडतीय का?" मी म्हटलं, मशीन नवी आहे. "नवीच लंगडत्यात," असं म्हणून ते आत निघून गेले.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन ते उजेडात धरायचे. एसटीला अहिल्यानगरची नवी पाटी लागली, तेव्हा गाडी जुन्याच गावाला जाते ना, याची त्यांनी कंडक्टरकडून खात्री करून घेतली. माझ्याकडे पहिल्यांदा पायजम्याचं कापड शिवायला दिलं ते माझ्या टेपवर भरवसा नको म्हणून वितीनं मोजून, आणि शिवून झाल्यावर उरलेल्या चिंध्याही मागून नेल्या. मला राग यायचा आणि हसूही यायचं. भाजीवाली असो, मोबाईल असो, की नात्यातल्या कुणाला सांगून आलेली मुलगी असो, त्यांचं एकच म्हणणं असे, "आधी खोड सांगा, भाव मागून."

बाजारात त्यांनी नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून रंगवलेली, लाथाळ म्हैस गुंगीचं औषध देऊन उभी केलेली. त्यांनी हे इतकं पाहिलं होतं, की झाकलेलं ते वाईटच हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. खोड उघडी पडली की भोवतीची माणसं कशी फिदीफिदी हसतात आणि तेच जनावर कसं एका क्षणात नजरेतून उतरतं, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा.

त्यांची बायको, कौसामावशी, अगदी उलट. पाथर्डीकडची, गोड गळ्याची, कुणीही काही सांगितलं की खरं मानणारी. कॉलनीतल्या बायकांच्या भजनात पहिली ओळ मावशींनी उचलायची हे ठरलेलं होतं. त्याच मावशी अचानक भजनाला येईनाशा झाल्या. पाय दुखतात म्हणायच्या. पाथर्डीला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. ती रोज फोनवर रडायची, एकदा येऊन भेट म्हणायची. मावशीही इकडे रडायच्या, पण जायचं नाव काढत नव्हत्या. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन यायला तयार होता, त्यालाही त्या नको म्हणाल्या. आणि त्याच सुमारास तात्या एक पिल्लू घेऊन आले.

पहिली शंका मला तिथंच आली. ज्या माणसानं जन्मात कधी जनावर घरी ठेवलं नाही, माया लागली की सौदा बिघडतो असं जो सांगायचा, त्याच्या पिशवीतून गावठी तांबडं पिल्लू बाहेर कसं आलं? विचारलं तर म्हणाले, चोऱ्या वाढल्यात. आता ते पिल्लू मांजर दिसलं तरी मावशींच्या पदराआड दडायचं. चोर आला असता तर त्यानंच आधी पळ काढला असता. नाव ठेवलं हौशा.

हौशाला सवय लावायची पद्धत तात्यांनी जनावरांच्या डॉक्टरकडून शिकून आणली. माणसांच्या डॉक्टरांना ते मानत नसत. "मानूस डाक्टरला खोटं सांगतो, म्हनून औषद चुकतं. जनावराच्या डाक्टरला ती अडचन न्हाई." तर त्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की पिल्लू उठलं, जेवलं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं. एरवीही घड्याळ बघून न्यायचं. त्यानं मागायच्या आधीच न्यायचं. सवय बसत गेली की मधला वेळ हळूहळू लांबवायचा. जमलं तर बिस्किटाचा तुकडा, चुकलं तर मारायचं नाही, गुपचूप पुसून घ्यायचं.

तेव्हापासून आमच्या गल्लीत दिवसभर एकच आरोळी ऐकू यायला लागली, "हौशाची वेळ झाली!" तात्या पिल्लाला कडुलिंबाखाली नेऊन खांबासारखे उभे राहायचे. बोलायचे नाहीत, हलायचे नाहीत. कधी हौशा दाराला पंजे मारून हट्टानं बाहेर यायचा आणि चिमण्यांच्या मागं धावायचा. मग तात्या त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायचे. "लबाड हाय. लागली न्हाई, फिरायचंय त्याला." असं म्हणून त्याला उलट्या पावली आत न्यायचे. आरोळी झाली की मावशीही उठायच्या. पिल्लू काय करतंय ते बघते म्हणायच्या, जरा डोकावायच्या आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाकडे वळायच्या. माझी मशीन खिडकीपाशी असल्यानं हे सगळं मला रोज दिसायचं. तेव्हा त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

वावगं वाटलं ते एका वाक्यामुळे. आता किती वेळ थांबतो, असं मी एकदा सहज विचारलं. तात्या म्हणाले, "सुधारतंय. पन याला पाथर्डीपस्तोर थांबता आलं पायजे."

मी म्हटलं, कुत्र्याला पाथर्डीला कशाला न्यायचंय? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. तुला काय करायचंय, म्हणाले आणि पिल्लू उचलून गेले. मी मावशींना छेडलं, बहिणीकडे जाऊन का येत नाही? तर त्याही म्हणाल्या, "हौशाला सवय लागू दे, मंग बगू." मला हे काही पटेना. म्हातारा संशयी आहे, बायकोला माहेरी जाऊ द्यायचं नाही, म्हणून हे कुत्र्याचं लोढणं तिच्या गळ्यात बांधलंय, असं माझ्या मनानं पक्कं घेतलं. मी तात्यांशी नीट बोलेनाशी झाले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग एक दिवस ते मावशींची जुनी मऊ लुगडी घेऊन आले. हौशाच्या अंथरुणाला गोधड्या शिवून दे, म्हणाले, आणि मध्ये मेणकापड घाल. माप त्यांनी नेहमीप्रमाणे वितीनं दिलं. ते माप पलंगाचं होतं. पिल्लू एवढंसं, मग गोधडी एवढी मोठी कशाला, असं मी विचारलं. "वाढतं अंग हाय," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मी शिवून दिल्या. पुढं त्यातली एक काठ उसवला म्हणून परत आली. धुतलेली होती, पण धुतल्यानं टाक्यांत अडकलेले कुत्र्याचे केस जात नाहीत, हे कुठल्याही शिंपिणीला कळतं. मी उलटून पालटून बघितली. त्या गोधडीत एकही केस नव्हता.

त्यानंतरच्या भजनाची पाळी तात्यांच्या घरी होती. मावशींनी बऱ्याच दिवसांनी गायचं कबूल केलं होतं. एक ब्लाउज अर्जंट द्यायचा होता म्हणून मी घरीच मशीनवर बसले होते. दार उघडं होतं. हौशा कधीतरी गर्दीतून सटकून माझ्याकडे आला आणि मशीनखाली पाय पसरून झोपला. समोर टाळ वाजत होते. मध्येच ते थांबले, कुजबुज झाली आणि तात्यांचा आवाज आला, "हौशा! परत सतरंजीवर केलंस का? कदी सुदरायचं रं तू?"

आपलं नाव ऐकून माझ्या पायाशी झोपलेल्या हौशानं एक कान वर केला.

मी उठले आणि आधी माझं दार लावून घेतलं. कुणाला तो माझ्याकडे दिसायला नको होता. मग तिथंच उंबऱ्याशी बसले, त्याला मांडीवर घेतलं आणि सगळं एकेक करून माझ्यापुढं उभं राहिलं. मावशींना लघवी थांबत नव्हती. म्हणून भजन सुटलं, बहीण सुटली, मुलाच्या गाडीत बसणं सुटलं. हौशा कधीच शिकला होता. घड्याळ चालू होतं ते मावशींसाठी. आरोळी हौशाच्या नावानं व्हायची आणि उठायच्या मावशी. पाथर्डीपर्यंत थांबता यायला हवं होतं ते त्यांना. तात्यांना वाटत होतं की हे चार माणसांत कळलं तर बायकोलाही लोक तसेच हसतील, जसे बाजारात हसतात. मला तात्यांचा इतका राग आलेला, तो कुठल्या कुठं गेला.

मी कुणाला काही बोलले नाही. तात्यांनाही नाही.

दिवाळीनंतर पाथर्डीहून फोन आला की बहिणीचं आता खरं नाही. एव्हाना मधला वेळ पुष्कळ लांबला होता, पण पाथर्डीपर्यंत नव्हता. तात्यांनी भिंगारच्या अस्लमची जीप ठरवली. हौशाला बरोबर घेतलं. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मलाही चल म्हणाले. मी निघाले.

शहर मागं पडलं, तसं एका पेट्रोल पंपावर तात्यांनी जीप थांबवायला लावली. हौशाची वेळ झाली. ते पट्टा धरून कुंपणाशी गेले, मावशी पाय मोकळे करायला म्हणून माझ्याबरोबर आत. करंजीच्या घाटाआधी एका हॉटेलपाशी पुन्हा तेच. हौशा दोन्ही वेळा नुसता उभा राहून तात्यांच्या तोंडाकडे बघत होता. अस्लम वैतागला. कुत्रं काही करत नाही, मग थांबायचं कशाला, असं त्याचं रास्त म्हणणं होतं. त्याला नव्या जागेचा भरवसा वाटत नाही, असं तात्या म्हणाले.

घाट उतरलो आणि तात्यांनी तिसऱ्यांदा थांब म्हटलं. आजूबाजूला नुसती रानं, कुठं आडोसा नाही. अस्लम म्हणाला, आता तिसगावशिवाय थांबत नाही, कुत्र्याला काही होत नाही. तात्यांचा तोल सुटला. पण अस्लमवर ओरडणार कसे? ते हौशावर ओरडले. याच्यापायी जीव नकोसा झाला, याला आजच सोडून देतो, असलं काहीबाही बोलायला लागले. हौशा कान पाडून सीटखाली शिरला.

"त्याला नगा बोलू," मावशी म्हणाल्या. "त्याचं काई न्हाई. मला जायचंय."

अस्लमनं आरशातून एकदा मागं बघितलं, वेग कमी केला आणि म्हणाला, "आदी सांगायचं ना मावशी." पुढं एक वस्ती दिसत होती. त्यानं कच्च्या रस्त्यानं जीप थेट तिथं घातली, उतरून घरातल्या बाईला हाक मारली आणि आमच्या म्हातारीला जरा आत न्या म्हणून सांगितलं.

मावशी गेल्या. तात्या हौशाचा पट्टा धरून जीपच्या आडोशाला उभे होते. मला म्हणाले, "तुला कवापास्नं म्हाईत हाय?"

"त्या दिवशीच्या भजनापासून."

"आजून कुनाला सांगितलंस?"

कुणालाच नाही, मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "अस्लम हसला का गं?"

"नाही."

"तिकडं तोंड करून हसला आसंल."

"नाही हसला, तात्या. मी बघत होते त्याच्याकडे."

तात्यांनी अस्लमकडे बघितलं. तो टायरला लाथ मारून हवा तपासत होता. मग तात्या रडायला लागले. एवढा मोठा माणूस, सरळ रडत होता. मी हौशाचा पट्टा त्यांच्या हातातून घेतला.

मावशी आल्या त्या त्या वस्तीवरच्या बाईशी हसत बोलत. शेवटच्या बाळंतपणापासून तिलाही हाच त्रास होता म्हणे. जाताना परत या, असं ती सांगत होती. आम्ही पाथर्डीला पोचलो. बहिणीनं मावशींचा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. तात्या बाहेर ओट्यावर बसून हौशाला अख्खा बिस्किटाचा पुडा एकेक करून खाऊ घालत होते. ती भेट झाली आणि थोड्याच दिवसांत बहीण गेली.

परत आल्यावर मावशी माझ्याबरोबर उघडपणे डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, घड्याळ लावून जात जा, मग मधला वेळ हळूहळू वाढवा. मावशी म्हणाल्या, ते चालूच आहे, कुत्र्याच्या डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरीणबाई आमच्याकडे बघतच राहिल्या. मी तात्यांना हे सांगितलं, तर त्यांना लगेच संशय आला. "ती त्या जनावराच्या डाक्टरला इचारून आली आसंल," म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात तात्या गेले. सकाळी चहा पिताना कप खाली ठेवला आणि संपलं. दहावा झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मी मावशींजवळ बसले होते. तात्यांनी तुमच्यासाठी किती केलं, असं काहीतरी मी म्हटलं. डॉक्टरला विचारलं, घड्याळ लावलं, तुमच्याशी ठरवून सगळं निभावून नेलं. मावशींनी मान हलवली.

"ठरवून कसलं," त्या म्हणाल्या. "मी त्यास्नी सांगितलंच न्हवतं. लाज वाटायची. लुगडी त्यांच्यापासनंबी चोरून धुवायची मी. आन एक दिवशी ते पिल्लू घिऊन आले. म्हनले, याला सवय लावायचीय, मी हाक मारली की तूबी संगं उटत जा. माज्याकडं बगितलंबी न्हाई. तवा मला कळलं, यास्नी कळलंय."