जर्मनी आणि नाल्याकाठची चार दुकानं

मास्टरचं दुकान पाडलं तेव्हा मी तिथेच उभी होते. सकाळचे अकरा वाजले होते. माझ्या पिशवीत ब्लाउजचं कापड, आणि समोर त्याच्या टिनाच्या खोलीवर जेसीबीचा पंजा. मास्टर म्हणजे आमच्या गावचा टेलर, मूळचा जानेफळचा. मी तीस वर्षं ज्या शाळेत इतिहास शिकवला, त्या शाळेचे गणवेश त्यानेच शिवलेले.

"साहेब, मशीन आत हाये. तेवढी काढू द्या," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नाही काढू दिली.

नाल्याकाठी ओळीने बारा दुकानं होती. पाडली चार. गावच्या पुढाऱ्याने नाला बुजवून त्यावर आपल्या मंगल कार्यालयाची भिंत घातली होती आणि सगळी घाण दुकानांत शिरत होती. त्याबद्दल महिन्याभरापूर्वी चौघांनी अर्ज दिला होता. पहिली सही मास्टरची. पाडली ती नेमकी या चौघांची दुकानं. उरलेली आठ नाल्यापासून तेवढ्याच अंतरावर होती, त्यांना कुणी बोटही लावलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही काही जणांनी वाचनालयात निषेधसभा घेतली. मुख्य भाषण माझं. आणि मी बोलले ते जर्मनीवर. तिथला हुकूमशहा मतपेटीतून कसा वर आला, शेजारी कसे गप्प बसले, आधी दुकानं कशी फुटली आणि मग माणसं कशी नाहीशी झाली. आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिलेली बाई मी, आवाज चढला की मला माझाच आवाज आवडतो. "आज आपल्या गावात तेच चाललंय," असं म्हणून मी खाली बसले. टाळ्या पडल्या.

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब उठले. "बाई, आपल्या गावात विषारी वायूच्या कोठड्या कुठे आहेत, तेवढं सांगा. मीही बघून येतो."

सभागृह हसलं. दुसरा म्हणाला, खरी हुकूमशाही आणीबाणीत होती, माझे वडील तुरुंगात होते, तुम्हाला काय ठाऊक! तिसऱ्याने इंग्रजांची राजवट काढली, चौथा रशियात गेला. कोण जास्त क्रूर, कुणी जास्त माणसं मारली, यावर तास-दीड तास नुसती हमरीतुमरी. मीही त्यात. जर्मनीतला घटनाक्रम मी त्यांना बोटांवर मोजून दाखवत होते. मास्टर तिसऱ्या रांगेत मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसला होता. पिशवीत दुकानाचा परवाना होता. तो कुणी पाहायला मागितला नाही. मीसुद्धा नाही.

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्यासाठी थांबला होता.

"बाई, एक इचारू? राग नका मानू."

"विचारा ना."

"माह्या दुकानाचं काऊन नाई बोलले तुमी? मले वाटलं, बाई सांगतीन का बारातले चारच काऊन पाडले. तुमी तं जर्मनीतच राह्यल्या."

"मास्टर, मी तुमच्यासाठीच बोलत होते."

"हाव, पण त्या साहेबानं सगळ्याइले हसवलं न. आता जो तो म्हनते, मास्टर, तुले कोनं मारलं का? नाई न? मंग कायले रडून राह्यला?"

मी घरी गेले आणि संताप संताप झाला. आधी त्या बँकवाल्याचा. प्रेतांचे ढीग नसले की याच्या लेखी अन्यायच नाही! मग स्वतःचा. कारण ती मोजपट्टी त्याच्या हातात मीच दिली होती. एवढ्या प्रचंड कत्तलीशेजारी मी टिनाची एक खोली नेऊन ठेवली, मग ती क्षुल्लक दिसणारच. आणि जे तिकडे खरोखर मेले, त्यांनाही मी भाषणात टाळ्यांसाठी वापरलं होतं. ते तिकडे का आणि कसे मेले, हे मी वर्गात मुलांना शिकवलं होतं. इथे काय झालं ते सांगायला त्यांची गरजच नव्हती. एका माणसाने अर्जावर सही केली म्हणून त्याचं दुकान पाडलं. एवढं वाक्य पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्टरला घेऊन मी नगरपंचायतीच्या कचेरीत गेले. अधिकाऱ्याने बसायलाही सांगितलं नाही.

"तुम्ही आम्हाला जर्मनीचे कसाई म्हणालात. आमच्या कर्मचाऱ्यांच्या भावना दुखावल्या आहेत."

पाडणारे हे, आणि दुखावलेलेही हेच! ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं.

"ते शब्द मागे घेते," मी म्हटलं. "आता यांना दिलेली नोटीस दाखवा."

"दिली आहे."

"मग जावक रजिस्टर दाखवा."

रजिस्टर त्या दिवशी सापडलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला तेव्हा नोटिशीची प्रत आली. तिच्यावर दुकान पाडल्यानंतरची तारीख होती.

त्या तारखेच्या जोरावर आम्ही वर दाद मागितली. मधल्या काळात चौघांपैकी दोघांनी नाल्याच्या अर्जावरची सही मागे घेतली. मी त्यांना दोष देत नाही, घरी खाणारी तोंडं आहेत. मास्टरने घेतली नाही. चार महिन्यांनी त्याला जागा मिळाली, पण भाजीबाजाराच्या मागे, जिथे गिऱ्हाईक चुकूनच येतं. मोडलेल्या मशीनबद्दल निकालात एक ओळही नाही. मंगल कार्यालयाची भिंत जागच्या जागी आहे.

परवा मी तेच ब्लाउजचं कापड घेऊन मास्टरच्या नव्या दुकानात गेले तर बँकवाले साहेब पँटची कंबर वाढवायला आलेले. मला पाहून हसले. "मिळाली ना जागा? ऑफिस आहे, अर्ज आहे, अपील आहे. कुठे आहे तुमची हुकूमशाही?"

"हुकूमशाही नाही म्हणून हे चालवून घ्यायचं का?" मी ओरडलेच. "त्या भिंतीचं बोला! बारातली चारच का पाडली, त्याचं बोला! जर्मनी सोडली मी, आता तुम्हीही सोडा!"

बाजारातली माणसं वळून पाहू लागली. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही फार चिडता."

मास्टरने टेप त्यांच्या कमरेभोवती आवळला. "साहेब, पोट सैल सोडा," तो म्हणाला, "अन् बाईच्या सवालाचा जवाब द्या."

साहेब नुसतं माप देऊन निघून गेले. रागाच्या भरात माझं कापड द्यायचं राहूनच गेलं.