टिकलीवर सही

दर महिन्याच्या एक तारखेला अनंतदादा इस्त्रीचा शर्ट घालायचे. एरवी त्यांच्या अंगात रंगाने बरबटलेलं बनियन आणि अर्धी चड्डी. पण एक तारखेला मात्र आंघोळ करून, भांग पाडून ते स्वतःच्याच घराच्या पडवीत हात बांधून बसत. मग आतून वत्सलाकाकूंचा आवाज येई, "अनंत नारायण हायत काय?" एरवी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून न काढणाऱ्या काकू त्या दिवशी खणखणीत नाव घेत. दादा उठून आत जात. काकू जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटातून त्यांचा पगार देत आणि वहीत सही घेत. पगाराच्या सहीला रेव्हेन्यू स्टॅम्प हवा, म्हणून तिथे काकूंनी आपली लाल टिकली चिकटवलेली असे. दादा टिकलीवर सही ठोकत आणि विचारत, "साहेब, यंदा काय वाढ?"

"काम बघून सांगू. जावा," काकू म्हणत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दोघांपैकी एकाचं नक्की डोकं फिरलंय. मी रोह्याहून हमरापूरला दादांकडे आखणी शिकायला आलो होतो. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवणं. दादांइतके जिवंत डोळे पेण तालुक्यात कुणी काढत नसे, आणि दादा जन्मात कुठल्या कंपनीची पायरी चढले नव्हते. मग पगार कसला?

त्याची गोष्ट काकू स्वतःच सांगत आणि सांगताना दादांकडे बघून हसत. लग्नाच्या बोलणीत काकूंच्या वडिलांनी विचारलं, "पगार किती?" दादा म्हणाले, "गणपतीत येतो." आला, आणि दिवाळीला संपलाही. उरलेलं वर्ष काकूंनी माहेरच्या तांदळावर काढलं. पुढच्या गणपतीत पैसे हातात आल्याबरोबर त्यांनी ते ट्रंकेत टाकले आणि नवऱ्याला सांगितलं, "तुमाला कंपनी नाय ना? आजपासून मी कंपनी."

मी हसलो होतो खरा, पण माझी स्थिती दादांच्या त्या पहिल्या वर्षासारखीच होती. पहिल्या हंगामात मी रात्रंदिवस डोळे काढले आणि अनंतचतुर्दशीनंतर एकरकमी पैसे घेऊन रोह्याला गेलो. मोटारसायकल घेतली. मित्रांना घेऊन अलिबागला तीन खेपा केल्या. होळीपर्यंत खिशात फक्त किल्ली उरली. मग आमच्यातले सगळे करतात तेच मी केलं: मूर्तींच्या कारखानदाराकडून उचल घेतली. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या कामाचे पैसे आधीच घेणं. ती एकदा घेतली की दर तो ठरवणार. त्या वर्षी माझ्या शेजारी बसलेल्या कारागिराला मूर्तीमागे माझ्या दीडपट मिळत होते, आणि डोळे माझे बरे होते.

माझे बाबा आयुष्यभर कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "यापुढे एकदा जरी उचल घेतलीस तर ब्रश अडगळीत. नागोठण्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर चिकटायचं." आई मध्ये पडली नाही, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. मला डोळे काढणं सोडायचं नव्हतं. ब्रशाच्या शेवटच्या टिंबासरशी मूर्ती आपल्याकडे बघायला लागते, ते सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

दुसऱ्या हंगामाचे पैसे मिळाले, त्या दिवशी मी थेट काकूंकडे गेलो आणि म्हणालो, "काकू, मला कंपनीत घ्या."

त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी माझी चक्क मुलाखत घेतली. "विडी-तंबाखू? पत्ते? कोणची पोरगी?" तिन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग पैसं जातात कुठं रे, दिन्या?" मी मोबाइल दाखवला. त्यांनी मान डोलावली. "व्हय. या खात्याला भोक हाय. दुसरं खातं काढ, मोबाइल न जोडता. त्याचं पासबुक माझ्याकडं."

पैसे खात्यात जमा झाल्यावर पंधरा दिवस त्यांना हात लावायचा नाही, हा कंपनीचा पहिला नियम. "वल्या रंगाला हात लावलास तर काय व्हतं?" काकू विचारत. "बोट उमटतं. मंग पैशालाबी सुकू दे." पैसे सुकले, तेव्हा त्यांनी वर्षाच्या रकमेचे तेरा भाग करायला लावले. मी म्हटलं, "काकू, महिने बारा असतात."

"दुष्काळात तेरावा महिना येतो ना? मंग त्याचाबी पगार नको?"

मग सुरू झाला एक गमतीचा प्रकार. दर महिनाअखेरीला मी काकूंकडून पासबुक घ्यायचो, बँकेतून माझेच पैसे काढून काकूंना द्यायचो, आणि एक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, दादांच्या शेजारी बसून तेच पैसे त्यांच्याकडून घ्यायचो. हमरापूरची पोरं कंपाउंडवरून बघत आणि खिदळत. रोह्यात दुकानांच्या पाट्या रंगवून चार पैसे मिळत, ते उडवायची मुभा होती. बाबा या सगळ्याला 'थेर' म्हणत. पण त्या पाकिटात काही जादू होती. स्वतःच्या खात्यातून काढलेले पैसे मी बिनधास्त उडवले असते. काकूंच्या हातून मिळालेला पगार मोडताना हात अडखळायचा.

माघात चुलतभावाचं लग्न निघालं. मला सूट शिवायचा होता, शिवाय नवऱ्या मुलाला सोन्याची अंगठी घालून चार लोकांत मिरवायचं होतं. तेराव्या महिन्याचे पैसे मागायला मी भर बारा तारखेला गेलो.

"कंपनी बंद हाय. एकला ये."

"काकू, पैसे माझे आहेत!"

"तुझंच हायत. म्हून तर कुनाला देत नाय."

माझं डोकं सणकलं. "मग मी राजीनामा देतो."

"लिवून दे," काकू शांतपणे म्हणाल्या. मी तणतणत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर राजीनामा लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, "एक महिना नोटीस. तवर नियम तेच." दादा पडवीत इतके हसले की त्यांना ठसका लागला.

लग्नाला मी जुना कुर्ता घालून गेलो. सगळे नवरीकडे बघत होते. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या एक तारखेला मी गुपचूप शर्टाला इस्त्री केली आणि हमरापूर गाठलं. राजीनाम्याचं नाव काकूंनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

चैत्रात कारखानदार दादांच्या पडवीत आला. नोटा त्याच्या वरच्या खिशातून डोकावत होत्या. "काय दिनेशशेठ, किती देऊ उचल?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या नोटांची गरज नव्हती. "उचल नको," मी म्हणालो, "दर बोला." त्याने दादांकडे पाहिलं. दादा आपले ब्रश धूत राहिले. आतून काकूंचा आवाज आला, "मानूस कंपनीचा हाय. दर नीट बोला." शेजारच्या कारागिरापेक्षा रुपया जास्तच मिळाला. त्या दिवशी रोह्याच्या गाडीत मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो, आणि समोरच्या बाईंनी पोराला जवळ ओढून घेतलं.

पुढे दोन हंगामांनी दादांचा हात कापायला लागला. महाडच्या लेकीने दोघांनाही आपल्याकडे बोलावलं. मी त्यांना पेणच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागल्यावर काकूंनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. "धर. कंपनी सांभाळ." मला रडू आवरेना. मला कुणी एवढं धरून ठेवलं नव्हतं, आणि तेही इतकं हसत हसत. काकू म्हणाल्या, "गप रे. पगार बुडला काय तुझा?"

डबा मी रोह्याला परतताना गाडीत उघडला. आत पासबुक होतं, वही होती, लग्नपत्रिकांची पाकिटं आणि टिकल्यांचं नवं कोरं पाकीट. सगळ्यात खाली माझा राजीनामा. त्यावर एक लाल टिकली होती आणि टिकलीवर काकूंची वळणदार सही. खाली लिहिलं होतं: 'मंजूर. माणूस आता कामाचा झाला.'

तो कागद मी रात्री आईबाबांना वाचून दाखवला. बाबांनी डबा जवळ ओढला आणि वही चाळायला घेतली.

महिनाअखेरीला बँकेतून पैसे काढून मी डब्यात ठेवले, एक तारखेला सवयीने इस्त्रीचा शर्ट घातला आणि रोह्याच्या घराच्या ओटीवर येऊन बसलो. आता हाक कोण मारणार, हा विचार मी केलाच नव्हता. उठून कपडे बदलावे म्हणत होतो, तेवढ्यात आतून कंपनीत उभा जन्म काढलेला आवाज आला, "दिनेश वसंत आहेत का?"

आत बाबा खुर्चीत ताठ बसले होते. समोर पगाराचं पाकीट होतं, वही उघडी होती आणि तिच्यात टिकली जरा तिरकीच चिकटवलेली होती. मी सही केली.

"साहेब, यंदा काय वाढ?"

"काम बघून सांगू," बाबा म्हणाले. "जा."