काळी एकचा हट्ट

सांगलीतल्या डॉक्टर मॅडमनी माझ्या बायकोला विचारलं, "गाता का तुम्ही?" आणि तिच्याऐवजी मी उत्तर दिलं, "नाही मॅडम. घरात आरतीबिरती म्हणते, एवढंच."

हे खोटं होतं. शैला गेली सहा वर्षं आमच्या भजनी मंडळात गात होती. पेटी मी वाजवत होतो आणि तिनं कुठल्या पट्टीत गायचं ते मीच ठरवत होतो. हे सगळं लपवायचं म्हणून मी तोंड उघडलं.

त्याआधी तिच्या नाकातून बारीक नळी घालून कॅमेऱ्यानं स्वरयंत्र पाहिलं होतं. याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. दुखत नाही, पण डोळ्यांतून पाणी येतं. समोरच्या पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या उघडझाप करत होत्या. दोन्हींच्या कडेला समोरासमोर एकेक उंचवटा होता, मोहरीएवढा.

"व्होकल नोड्यूल्स," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे स्वरपट्ट्यांवरचे घट्टे. फावडं मारून हाताला पडतात ना, तसे. कॅन्सर वगैरे नाही, घाबरू नका. पण असे घट्टे आरती म्हणून पडत नाहीत."

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शेतात लांबलांब हाका मारायची सवय आहे तिला."

ज्यांच्या घरात गाणारं माणूस आहे त्यांनी हे वाचावं, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव वडूजजवळ. मी शाळेत कारकून आहे. मंडळात आम्ही सहा पुरुष आणि शैला एकटी बाई. आमची पट्टी काळी एक. पेटीची पहिली काळी पट्टी आम्ही सा धरायचो आणि दिनकरअण्णांचा तबलाही त्याच सुरात लावलेला असायचा. पुरुषांना ही पट्टी सोयीची. बाईनं त्याच पट्टीत गायचं तर दोनच वाटा. आमच्याबरोबर खालून गावं, तर सूर घशाच्या तळाशी जाऊन ऐकूच येत नाहीत. नाहीतर एक सप्तक वर, म्हणजे तोच सा पुढच्या सात सुरांतला घेऊन गावं. शैला वरून गायची. तारसप्तकात गेली की पंचमापर्यंत चढायची. लोक माना डोलवायचे. फलटणच्या स्पर्धेत तर परीक्षकांनीच टाळ्या वाजवल्या होत्या.

तिचा मूळचा आवाज वेगळा होता. भाकरी थापताना, भांडी लावताना ती खाली, भरदार गुणगुणायची. लग्नानंतर पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी हसलो होतो. "तुझा खर्ज गड्यामाणसावानी लागतो," असं म्हणालो होतो. त्यानंतर मी घरात पाऊल टाकलं की ती गुणगुणणं थांबवायची.

सरावाला ती कधीतरी म्हणायची, "आवं, लय ओढतंय वर. जरा खाली घ्या की."

दिनकरअण्णा तबला लावायची हातोडी दाखवून म्हणायचे, "वैनी, तबला काय लिफ्ट हाय का, बटन दाबलं की खाली? खालच्या पट्टीला थोरल्या तोंडाचा दुसरा तबला लागतो."

सगळे हसायचे. शैलाही हसायची आणि वरूनच गायची.

फलटणनंतर तिचा आवाज बसला. सकाळी घोगरा, दुपारी थोडा बरा, संध्याकाळी पुन्हा घोगरा. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध सगळं झालं. वडूजच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. आवाज तीन आठवड्यांच्या पुढे बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावंच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही अडीच महिने घालवले. शेवटी सांगलीला राहणारा तिचा भाऊ म्हणाला, "दाजी, आता हिकडं घिऊन या."

मॅडमनी पहिले दहा दिवस व्हॉइस रेस्ट सांगितला, म्हणजे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही. कुजबुजताना बऱ्याच जणांच्या घशावर उलट ताण येतो. पाणी भरपूर, तिखट कमी, पित्ताच्या गोळ्या. शैला वहीत लिहून बोलू लागली. "गॅस संपलाय." "म्हैस पाणी पिईना."

घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं गाणं ऐकावंसं वाटलं म्हणून मी मोबाइल काढला. कार्यक्रमांचे कितीतरी व्हिडिओ होते. सगळे काळी एकातले, सगळे वर चढलेले, गळ्याच्या शिरा ताणलेले. मला हवा होता तो आवाज एकाही व्हिडिओत नव्हता. स्वयंपाकघरातला तो खालचा, भरदार आवाज मी कधी साठवलाच नव्हता. मी घराबाहेर असताना तो या भिंतींनी ऐकला असेल. दारात उभा राहून मी ती भाकरी थापताना बघायचो. नुसता थापण्याचा आवाज यायचा.

मौन संपलं आणि आठवड्यानं मंडळाचा आधीच ठरलेला कार्यक्रम आला. मी म्हणालो, "एकच अभंग म्हण." तिनं नाही म्हटलं नाही. त्या एका अभंगाचे तीन झाले. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून नुसती हवा आली.

पुढच्या तपासणीला मॅडमनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "विश्रांती घेऊन हे कमी व्हायला हवं होतं. वाढलंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मायक्रोलॅरिंजियल सर्जरीबद्दल सांगितलं. म्हणजे भूल देऊन, दुर्बिणीतून बघत, तोंडावाटे ते घट्टे काढायचे. "बोलण्यापुरता आवाज बहुतेक नीट होईल. गाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आम्ही घाई करत नाही. व्रण राहिला तर बारीक सूर जातात, आणि गेलेले सूर परत आणता येत नाहीत. पण या गात नाहीत, असं तुम्ही म्हणालात."

संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. पेन माझ्या हातात होतं. शैला बाहेरच्या बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ती गाते. मीच गायला लावतो. काळी एकात, वरच्या सप्तकात. पंधरा दिवसांपूर्वीही गायली."

त्या रागावल्या नाहीत. तो कागद त्यांनी माझ्यापुढून उचलून घेतला. म्हणाल्या, "ऑपरेशन केलं असतं, तुम्ही पुन्हा तसंच गायला लावलं असतं आणि गाठी परत आल्या असत्या. वरचा सा म्हणजे काय, माहीत आहे? मधल्या सा ला या पट्ट्या सेकंदाला जितक्या वेळा एकमेकींवर आपटतात, त्याच्या दुप्पट वेळा वरच्या सा ला आपटतात. एक सप्तक वर म्हणजे बरोबर दुप्पट."

पंचवीस वर्षं मी पेटी वाजवतोय. सप्तक म्हणजे काय ते मला माहीत होतं. पेटीवर ते बोटभर अंतर आहे. गळ्यात ते काय असतं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

ऑपरेशन पुढे ढकललं आणि आम्हाला स्पीच थेरपिस्टकडे, म्हणजे आवाज वापरायला शिकवणाऱ्यांकडे पाठवलं. तरुण मुलगी होती. तिनं काही आठवडे फक्त श्वास आणि ओठ फडफडवण्याचे व्यायाम दिले. नळीतून पाण्यात बुडबुडे काढत हुंकार द्यायला लावला. आम्ही दर गुरुवारी एसटीनं सांगलीला जायचो. मी बाहेर बसायचो. भिंतीपलीकडून बुडबुडे ऐकू यायचे.

दोनेक महिन्यांनी तिनं मला आत बोलावलं. छोटा कीबोर्ड होता. एकेक सूर खाली नेत तिनं शैलाला "आ" म्हणायला लावलं. शैला मंद्र पंचमापर्यंत सहज उतरली. तो आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकत होतो, थोडा खरखरीत, पण तोच. मी कीबोर्डकडे बघत राहिलो, कारण कुणाकडे बघणं जमेना.

थेरपिस्ट म्हणाली, "काका, आवाज कुठून कुठपर्यंत पोचतो ती झाली कक्षा. यांची दोन सप्तकांहून जास्त आहे, उत्तम आहे. पण पोचणं वेगळं आणि राहणं वेगळं. गाडी शंभरनं पळते म्हणून कुणी रोज शंभरनं चालवत नाही. यांचा सा काळी तीन धरा, वरच्या काळी एकच्या खालची. मुक्काम तिथं आहे."

काळी तीन. मी हे आता लिहितो, कारण मंडळातही अजून कुणाला ठाऊक नाही. काळी तीनचा पंचम म्हणजेच काळी एक, आणि तबला सा ऐवजी पंचमात लावलेला असला तरी चालतो. दिनकरअण्णांचा तोच तबला, हातोडीही न लावता, तिच्या गाण्याला पंचमात चालला असता. दुसऱ्या तबल्याची गरज कधीच नव्हती. पेटीवाल्याला हे कळतं, मलाही कळत होतं. पण त्या पट्टीत आम्हा पुरुषांना मागं साथ म्हणणं अवघड गेलं असतं आणि टाळ्याही कमी पडल्या असत्या.

घट्टे आता बरेच लहान झालेत. ऑपरेशन लागणार नाही, असं मॅडम म्हणतात. तारसप्तकातले वरचे सूर परत येतील का, हे त्या सांगत नाहीत. मॅडमचे आणि त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

थेरपिस्टनं काळी तीन सांगितली त्या गुरुवारी सांगलीच्या स्टँडवर गाडीला अर्धा तास अवकाश होता. शैला शेंगा सोलत होती. मी तिला काळी तीनचं आणि अण्णांच्या तबल्याचं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हंजे तुमास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. आवाज बसका होता, पण शब्द नीट उमटले.

"व्हय."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून. घसा दुखतोय हेही कळत होतं. तू खाली घ्या म्हणायचीस तेव्हा मी ऐकलं नाही असं नाही, ऐकून वाजवत राहिलो. घरात गुणगुणायचीस, ते मी हसून बंद पाडलं. डॉक्टरांपुढं तुझ्या तोंडचं उत्तरही मीच देऊन टाकलं. शैला, माझं चुकलं. मला माफ कर."