माठाखालचं तारेचं कडं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही गिचमिड, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. फौजदारकीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी आपल्या केसेस एका वहीत लिहून काढल्या. ही एक मात्र लिहिली नाही. विचारलं तर म्हणायचे, "ती तुझी केस आहे, तूच लिही." आता ते नाहीत, म्हणून लिहिते. विसरलेले मी काहीच नाही.

नाशिकला तेव्हा नगरपालिका होती. आमच्या पोलीस लाइनीमागे, शेतापलीकडे एक वीटभट्टी होती. दिवाळीनंतर हरसूलकडची माणसं मालकाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन यायची आणि विटा पाडून ती फेडायची. त्यातली एक माझ्याच वयाची बाई पाण्याला आमच्या नळावर येई. तिचं सात-आठ महिन्यांचं पोर भट्टीजवळ झोळीत असायचं. त्या वर्षी भट्टीतून काळा, तेलकट धूर यायला लागला. पोर खोकून खोकून निळं पडायचं.

"डाक्तर म्हनतो, पोराला हितून हलव," ती म्हणाली. "उचल डोक्यावर हाय वैनी. कशी हलू?"

नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक दोनदा येऊन गेले. मालक त्यांना भाताच्या तुसाचा ढीग दाखवायचा. निरीक्षक ह्यांना म्हणाले, "परवाना तुसाचा आहे. दुसरं काही जाळतो एवढं दाखवा, भट्टी बंद करतो. नुसता धूर कागदावर कसा घेऊ?"

त्याच सुमारास एका गोदामातून ट्रकचे जुने टायर चोरीला गेले. फिर्याद नोंदली गेली. खबऱ्याने सांगितलं, माल या भट्टीवर उतरला. ह्यांनी झडती घेतली, टायर एकही सापडला नाही. भट्टीच्या मुकादमाला ठाण्यात बसवून दोन दिवस विचारलं. त्याचं एकच, "साहेब, आम्ही तूसच जाळतो."

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी हे जेवायला घरी आले, माठातलं पाणी प्यायले आणि पेला हातात धरून तसेच उभे राहिले. माठ तारेच्या जाड कड्यावर होता. टायरच्या काठात असते ती तार, रबर जळून उरलेली. लाइनीत बहुतेक घरांत माठाखाली तसं कडं होतं.

"हे कुठून आलं?"

मी भाकरी थापत राहिले.

"बाजारातून?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग ते पाटावर बसले आणि गप्पच राहिले. ठाण्यातही ते असेच करतात, हे मला ठाऊक होतं. तरी मला ते गप्प बसणं सोसेना. माझा माठ डुगडुगतो हे पाहून भट्टीवरच्या त्या बाईनेच ते राखेतून काढून आणलं होतं. मग शेजारणींनीही मागितली.

"सांगितलं तर तिचं काम जाईल," मी म्हणाले. "उचल कोण फेडेल?"

"नाही सांगितलंस तर पोर जाईल."

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांना आणि मुकादमाला बरोबर घेऊन त्यांनी राखेचा ढीग उकरला. टोपल्या भरून कडी निघाली. पंचनामा राखेचा झाला, त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं. कडी पाहून मुकादम टायर आणणाऱ्या ड्रायव्हरचं नाव सांगून मोकळा झाला. चोर ह्यांनी पकडला, पण धूर थांबवला नगरपालिकेने. मालकाने तुसाखेरीज काही जाळणार नाही असं लिहून देईपर्यंत परवाना बंद ठेवला, आणि पुढे निरीक्षक न सांगता येऊन राख उकरून बघायचे. ह्यांना त्याचं फार कौतुक होतं. म्हणायचे, "आम्ही माणूस आत टाकतो. पोराचा श्वास त्यांच्या कागदाने सुटला."

पोराचा खोकला महिनाभरात उतरला. तिने सगळं ओळखलं होतं. माठाखालचं कडं मी काढून टाकलं होतं, ते पाहून म्हणाली,

"वैनी, आता माठ कशावर ठिवता?"

"विटेवर."

"मंग वीट बी जप्त करतील की," म्हणून ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. तसं हसणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

पुरावा लांब शोधू नये, हे ह्यांना त्या केसने शिकवलं. मला शिकवलं ते एवढंच, की आपण ज्याचं भलं मागतो ते माणूस आपल्याजवळ राहीलच असं नाही.

तो हंगाम आणि पुढचा हंगाम ती आली. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी रोज नळावर रेंगाळायचे. शेवटी लाजत मुकादमालाच विचारलं.

"ती कशाला येईल आता?" तो म्हणाला. "तिची उचल मागच्या उन्हाळ्यातच पुरती फिटली."