आरशामागचं यंत्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर लोकांना सांगते की ह्यांच्या पोटात काही राहत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

इकडे परदेशात, पामर्स्टन नॉर्थ या गावाला येऊन मला सोळा वर्षं झाली. एका प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करतो. हात साफ आहे माझा, त्याचा मला गर्वही होता. इथल्या मराठी मंडळींत कुणाच्या गाडीत काही बसवायचं असलं की फोन मलाच यायचा. सुहासचाही असाच आला.

सुहास फार्मासिस्ट. नोकरी वांगानुईला, म्हणजे जायला तास, यायला तास. बायको मेधा इथल्याच हॉस्पिटलात नर्स, आणि मुलगी ईरा, तेव्हा नऊ वर्षांची. वेगासाठी पोलिसांनी त्याला दोनदा धरलं होतं. आणखी एकदा सापडला तर लायसन्स जाणार, आणि मग मेधाला कळणार — त्याला लायसन्सपेक्षा त्याचीच भीती जास्त. म्हणून त्यानं रडार डिटेक्टर आणला. पुढे कुठे पोलिसांचं रडार चालू असलं की आधीच इशारा देणारं छोटं यंत्र. इथे ते गाडीत ठेवणं गुन्हा नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल?

त्यांच्याच दारात, शनिवारी सकाळी बसवलं. यंत्र आरशामागे. वायर छताच्या अस्तरात सरकवली, काचेशेजारच्या खांबावरचं प्लॅस्टिक उघडून एअरबॅगच्या मागून खाली घेतली, फ्यूजबॉक्सला जोडली. आवाज बंद ठेवला, इशाऱ्याला नुसता एक बारीक दिवा. दोन तास लागले. गाडीत बसून पाहिलं तर काही बसवलंय असं वाटत नव्हतं. मी खूश होतो — हेही सांगायला हवं.

मेधा चहा घेऊन आली. तिला तो दिवा दिसलाच.

"दादा, हे काय नवीन?"

"डॅशकॅम आहे गं, रस्ता टिपणारा कॅमेरा."

"मग बरं. हा फार जोरात चालवतो. तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतो तो."

"सांगतो की," मी म्हणालो.

आणि काय सांगितलं? अर्ध्या तासानं आम्ही दोघं चाचणीला निघालो. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर तो शंभरच्या आत, जपून चालवत होता. मीच म्हणालो, "दिवा लागलाय का? नाही ना? मग दाब की." त्यानं दाबलं. आम्ही हसलो. मी पुन्हा म्हणालो, आता तुला कोण पकडतंय.

दीड महिन्यानं, एका शुक्रवारी दुपारी, ईराच्या शाळेत पोहण्याची शर्यत होती. चारची. मेधानं त्याला फोन केला, लवकर निघ, ती वाट बघतेय. पाऊस पडून गेला होता. वाटेतल्या बुल्स गावाच्या अलीकडे एका वळणावर गाडी घसरली आणि झाडावर गेली. दुसरी गाडी नव्हतीच. सुहास जागीच गेला. वेग फार होता, एवढंच पोलीस म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मेधानं मला, मोडलेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात, गाडीतलं सामान आणायला पाठवलं. त्याचा डबा, जाकीट, ईराची छत्री. पोलिसांचं पाहून झालं होतं, त्या यंत्राबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. तिथल्या माणसानं मला एकट्याला गाडीपाशी सोडलं. पेचकस माझ्या खिशात होता. म्हणजे घरून निघतानाच ठरलं होतं, नाही का? आरसा लोंबत होता. दोन तासांचं काम मी पाच-सहा मिनिटांत उचकटलं, वायरसकट. वर जाकीट धरलं आणि बाहेर आलो. वाटेत एका कचऱ्याच्या पेटीत यंत्र टाकलं.

सामान द्यायला गेलो तेव्हा मेधा स्वयंपाकघरात उभी होती. म्हणाली, "दादा, मी फोन केला नसता तर तो आरामात आला असता."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तो घाईनं आला असेल, पण घाईच्या आड येणारी भीती मी दीड महिना आधीच काढून घेतली होती. मी काय म्हणालो? "असं मनाला लावून घेऊ नकोस." आणि तिनं माझे आभार मानले.

दहा वर्षं झाली. ईरानं त्या दिवसानंतर पोहणं सोडलं. शर्यत तिची होती ना. आता ती युनिव्हर्सिटीत आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पुण्याहून नवीन आलेलं एक जोडपं जेवायला होतं. मेधा आणि ईराही आल्या होत्या. त्या जोडप्यातला नवरा अजून यायचा होता, बायको त्याला फोन लावत होती, कुठे पोचलास, लवकर ये. मेधानं तिच्या हातातून फोन हळूच काढून टेबलावर ठेवला. "गाडी चालवणाऱ्याला घाई करू नये," ती म्हणाली. "मी केली होती, माझा नवरा गेला." अगदी शांतपणे. शेजारी ईरा मान खाली घालून बसली होती.

मी समोरच होतो. चहा कोण कोण घेणार, एवढं विचारलं आणि उठलो.