शुद्ध बोलणारीच मुलं

सांगलीच्या आमच्या कॉलेजातला हा कारकून तपकिरीची चिमूट नाकाशी धरून ऐकायचा. खेडवळ शब्द कानी पडला, की चिमूट तिथंच थांबायची. "आधी नीट बोलायला शीक!"

एकदा पुण्याचे प्राध्यापक आले. गावाकडची बोली टिपून घ्यायला त्यांना मराठी विषय घेतलेली, घरी ती बोली बोलणारी मुलं हवी होती. यानं निवडून वाईची, सांगलीची शुद्ध बोलणारी पोरं आत पाठवली! मी कवठे महांकाळकडच्या खेड्यातला. दारातच भडकलो, "आवं, ही बोली आमची हाय!"

"कॉलेजची शोभा करू नकोस."

आतून प्राध्यापकांनी विचारलं, "खेड्यातलं कुणीच नाही का हो?"

यानं निवांत तपकीर ओढली. "नाही, एकसुद्धा नाही," म्हणाला आणि माझ्या तोंडावर दार लावलं.