गुडघे न टेकता

चाळीस वर्षं लोकांच्या घरात गुडघे टेकून फरशी बसवणाऱ्या या माणसाला सगळे लेव्हलमामा म्हणत. लादी बसली की मामा तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. आवाज पोकळ आला की लादी उखडायची, मग घरमालक कितीही हातापाया पडो. "खाली भरलेलं नाही, वरून पुसून काय उपयोग?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता गुडघेच वाजायला लागले होते. आणि लेकीच्या नव्या स्वयंपाकघराची फरशी स्वतः बसवण्याचा शब्द तर देऊन बसलेले. म्हणून मामा लेकीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले.

"गुडघ्यात द्यायची इंजेक्शनं मुख्यतः तीन प्रकारची," बाई म्हणाल्या. "स्टेरॉइडने आराम लवकर पडतो, पण टिकतो थोडे आठवडे, आणि सारखं घेतलं तर कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, आणखी झिजू शकते. वंगणासारख्या जेलचा गुण सावकाश येतो. काहींना काही महिने बरं वाटतं, काहींना फरकच पडत नाही. तिसरं तुमच्याच रक्तापासून करतात, पण त्याबद्दल आम्हा डॉक्टरांचंच अजून एकमत नाही."

"यातलं खालचा थर भरून काढणारं कुठलं?"

"एकही नाही, मामा."

मामांनी जन्मभर लोकांना ऐकवलेलं आज त्यांच्याच पदरात पडलं होतं.

घाई होती म्हणून त्यांनी स्टेरॉइड घेतलं. "दुखायचं थांबलं तरी गुडघे टेकायचे नाहीत. मांडीचे व्यायाम मात्र रोज," बाईंनी बजावलं. मामांनी एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं.

दहा दिवसांनी ठणका गेला आणि मामा एका हातात चालायची काठी, दुसऱ्यात थापी घेऊन लेकीकडे हजर झाले. तिने खुर्ची पुढे केली.

"बाबा, तुम्ही बसा. लाद्या मी बसवते."

"तुला जमणार?"

"इतकी वर्षं तुमचं काम बघतेच आहे की."

मामांना राग आला. पण गुडघ्यातला खालचा थर भरलेला नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? ते बसले.

चार लाद्या झाल्या. पाचवीवर त्यांनी काठीचं टोक वाजवलं. आवाज पोकळ आला. मामा सवयीने उठले, अर्धे वाकले आणि पुन्हा खुर्चीत टेकले.

"उचल ती."

लेकीने हुज्जत न घालता लादी काढली, खाली माल भरला, पुन्हा बसवली. मामांना अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही वाटलं. सहावी लादी बसली. ते काठी पुढे करणार, तेवढ्यात लेकीनेच पेराने टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

मामांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.